वाडीतली ९ मुलांची झेडपी शाळा बंद करायला संमतीचा ठराव द्यावा का?

पाखाडीवरून

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही म्हणून लिहितोय.

आमची वाडी दापोली तालुक्यात. साठेक उंबरा, त्यातली निम्म्यावर घरं गणपतीला नि शिमग्याला उघडतात, बाकी वर्षभर कुलूप. वाडीत झेडपीची शाळा आहे पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढे पडवी, बाजूला खिचडी शिजवायची खोली. पट ९. पहिलीला २, दुसरीला १, तिसरीला ३ आणि चौथीला ३. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन शिक्षक होते, त्यातल्या सरांची आंतरजिल्हा बदली झाली आणि ते आपल्या जिल्ह्यात गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. आता एकट्या मॅडम. त्याच चार वर्ग घेतात, त्याच तांदळाचा हिशोब ठेवतात, ऑनलाइन माहिती भरतात, त्यासाठी रेंज मिळत नाही म्हणून वर सड्यावर जाऊन उभ्या राहतात. मीटिंगला तालुक्याला गेल्या की शेजारच्या शाळेतून कोणी आलं तर आलं नाहीतर त्या दिवशी मुलं नुसती खेळतात.

मागच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग झाली, मी त्यात पालक सदस्य आहे. वरून विचारणा आलीय की पट कमी आहे तर मुलांना मोठ्या गावातल्या केंद्रशाळेत पाठवायला पालक तयार आहेत का, असतील तर तसा ठराव द्या, गाडीची सोय करू. केंद्रशाळा रस्त्याने साडेचार किलोमीटर. पायवाटेने अडीच, पण मधे पऱ्या म्हणजे ओढा आणि त्याच्यावर जुना साकव, जुलैत पऱ्या भरला की मोठी माणसंसुद्धा दोन दोन दिवस पलीकडे उतरत नाहीत.

पालकांमधे दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात तिथे पाच शिक्षक आहेत, मैदान आहे, संगणक आहे, आपल्या पोरांनी का मागे राहायचं. माझी स्वतःची मुलगी दुसरीत आहे, म्हणजे अख्ख्या वर्गात ती एकटी. बायको म्हणते हिने पाढे म्हणताना चुकलं की हसायला पण कोणी नाही, असं कसं शिकायचं. दुसरीकडे आमचे बाबा. ही शाळा वाडीने श्रमदान करून बांधली तेव्हा ते पंधरा सोळा वर्षांचे होते, खाणीतून चिरे डोक्यावरून आणलेत त्यांनी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वरचे पत्रे उडून खाली शेतात गेले तेव्हा मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून छप्पर परत घातलं. त्याच्या आधीच्या महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी चौदा चौदा दिवस याच शाळेत राहिले होते, वाडीने त्यांना पडवीत जेवण नेऊन ठेवलं. त्यामुळे शाळा बंद म्हटलं की बाबा ताटावरून उठतात.

पण मला भावनेच्या भरात मुलांचं नुकसान करायचं नाहीये. मीटिंगमधे बहुतेकजण देऊन टाकू ठराव म्हणत होते, मीच म्हटलं शनिवारपर्यंत थांबा. तुमच्यापैकी कोणी हे बघितलं असेल, शिकवलं असेल किंवा स्वतः अशा शाळेत शिकलं असेल तर खरं खरं सांगा. ठराव द्यावा की नाही?

निवृत्त गुरुजी

दादा, मी ३६ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, त्यातली २२ जावळी आणि महाबळेश्वरच्या डोंगरात एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांवर काढली. माझं सरळ मत, घाईने ठराव देऊ नका.

तुमच्या बायकोची काळजी मला समजते, तिथूनच सुरुवात करतो. दुसरीत एकटी म्हणजे शाळेत एकटी नव्हे. लहान शाळेत दुसरी, तिसरी अशा भिंती नसतातच, मुलं एकाच सतरंजीवर असतात. माझ्याकडे एक मुलगी होती, पहिलीतली, मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होतो आणि ही मागे बसून चिंचोके मोजत होती, तिसरीच्या मुलाचं चुकलं तर हिने मागून बरोबर उत्तर सांगितलं. कोणी शिकवलं तिला? कानावर पडून पडून शिकली. आणि तिसरीतलं मूल जेव्हा पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवून देतं तेव्हा त्याचं स्वतःचं पक्कं होतं, हे मी एकदा नाही शेकडो वेळा बघितलंय. याला आमच्या भाषेत बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि ते नीट केलं तर ती अडचण नाही, पद्धत आहे. आंध्रात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या लोकांनी आजूबाजूच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांचे संच बनवले, शिडीसारखे, मूल आपल्या पायरीवरून आपल्या गतीने वर चढतं, कोणी आजारी पडून आठ दिवस आलं नाही तर त्याचा धडा बुडत नाही, तो त्याच पायरीवरून पुढे जातो. पुढे तमिळनाडूने तीच कल्पना हजारो सरकारी शाळांत नेली. आपल्याकडे साताऱ्यात कुमठे बीटमधल्या शाळांत मुलांना वस्तू हाताळून, गटात बसवून शिकवण्याचं जे काम झालं ते बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे, मी पण गेलो होतो. हे सगळं करायला ९ मुलं म्हणजे सोनं आहे हो. ४५ मुलांच्या वर्गात कोणाचा हातचा चुकतोय, कोणाला फळ्यावरचं दिसत नाही हे कळायला सहामाही उजाडते, ९ मुलांत पहिल्या आठवड्यात कळतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हे सगळं व्हायला शिक्षक वर्गात असायला हवा. तुमचा खरा आजार पट ९ असणं हा नाही, एकच मॅडम असणं आणि त्या मॅडमच्या डोक्यावर कारकुनी असणं हा आहे. एकशिक्षकी शाळेत शिक्षकाला ताप आला तर शाळेला ताप येतो. मी स्वतः असे दिवस काढलेत, सकाळी परिपाठ घेतला की माहिती मागवल्याचा निरोप, मग चौथीतल्या मोठ्या मुलाला वर्गावर ठेवून लिहीत बसायचं. त्या मुलांचं नुकसान झालं, मी ते नाकारत नाही. म्हणून भांडायचं तर दुसऱ्या शिक्षकासाठी भांडा.

आणि अंतराचं काय ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या पऱ्याएवढीच आमची कोयना. जावळीतल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत धरणाचं पाणी ओलांडून, पुढे जंगलातून चालत शाळेला जायच्या, ते जानेवारी २०२२ मधे पेपरात आलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्या मुली हायस्कूलच्या वयाच्या होत्या. तुमची पहिलीची मुलं सहा वर्षांची आहेत.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मधे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. पण दंड ठेवण्याबरोबर गावोगावी शाळा काढायला हव्यात हेही त्यांनी धरलं होतं. शाळा उचलून न्यायची आणि मग मूल येत नाही म्हणायचं हे उलटं झालं.

सई बोरिवली

गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून मला वेगळं म्हणायचंय कारण मी अशाच शाळेत शिकले. रत्नागिरी जिल्ह्यातलीच, वाडीचं नाव नको. चौथीला आम्ही दोघं होतो, मी आणि माझा चुलतभाऊ. चार वर्षं एकच शिक्षक, चांगले होते पण शेवटची दोन वर्षं ते फार आजारी असायचे आणि शाळा अर्धा वेळ बंद. पाचवीला मोठ्या गावात गेले तर वर्गात ५२ मुलं, मला बोलायलाच यायचं नाही. म्हणजे मराठीच, पण एवढ्या लोकांसमोर उभं राहून बोलायची सवयच नव्हती. कबड्डीची टीम काय असते ते मी पाचवीत पहिल्यांदा बघितलं, आमच्याकडे सगळी शाळा मिळून एक टीम होत नव्हती. शिष्यवृत्ती, नवोदय असं काही असतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मला वर यायला दहावीपर्यंत वेळ लागला आणि चुलतभाऊ आठवीत सुटला.

त्यामुळे वाडीतली शाळा म्हणजे सगळं चांगलं असं नका धरू. आणि दुसरं, मुलं कमी का झाली ते पण बघा ना. आमच्या वाडीत आता जी चार मुलं आहेत त्यातली दोघं पिवळ्या व्हॅनने इंग्लिश मीडियमला जातात, आईबाप कर्ज काढून फी भरतात. ज्यांना जमतं ते आधीच गेलेत. गाडी खरंच मिळणार असेल, रोज, वेळेवर, बाई सोबत असेल, तर मी माझ्या मुलीला केंद्रशाळेत पाठवलं असतं. पानशेतला समूह शाळा केलीय तिथे आजूबाजूच्या वस्त्यांवरची मुलं बसने येतात, तसं नीट होत असेल तर वाईट काय?

पाखाडीवरून

सई ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून बायको म्हणाली बघ मी काय म्हणत होते. खरंच विचार करायला लावलंत. गुरुजी, तुमचं पण पटतं. आमच्या मॅडम चांगल्या आहेत, मुलांना पऱ्यावर नेऊन पानं गोळा करायला लावतात, त्याची नावं लिहून घेतात, माझ्या मुलीला ऐन आणि किंजळ ओळखता येतो, मला येत नव्हता तिच्या वयात. पण सोमवारी मीटिंग, बुधवारी प्रशिक्षण असं असतं. एक सांगायचं राहिलं, ९ मधली दोन मुलं कातकरवाडीतली आहेत, भाऊबहीण, पहिलीत आणि तिसरीत. कातकरवाडी आमच्याहून अजून वर आहे.

अंगणवाडी अकोले

दादा, तुम्ही शेवटी जे एका ओळीत लिहिलंत तेच पहिलं लिहायला पाहिजे होतं. त्या दोन लेकरांच्या आईबापाला मीटिंगला बोलावलं होतं का?

मी अकोले तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, डोंगरातली वाडी, ठाकर आणि महादेव कोळी समाज. आमच्या वाडीची शाळा पट कमी म्हणून बंद झाली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्हाला पण गाडी सांगितली होती. पहिल्या वर्षी जीप आली, जूनला नाही पण ऑगस्टला आली, दिवाळीपर्यंत नीट चालली, मग जीपवाल्याचे पैसे थकले म्हणून तो आठवड्यातून तीन दिवस यायला लागला आणि पुढच्या जूनला आलाच नाही. मग ज्यांच्याकडे मोटारसायकल ते आपल्या पोराला सोडून यायचे. ज्यांच्याकडे नाही त्यांची पोरं चालत. चालत म्हणजे काय ते बघा, सहा वर्षाचं लेकरू, पाठीला दप्तर, पावसात घोंगता घेऊन, चार किलोमीटर. एक दिवस गेलं, दुसऱ्या दिवशी पाय दुखला, तिसऱ्या दिवशी आई म्हणते राहूदे आज शेळ्यांकडे बघ. कोणी शाळा सोडली असं कधी झालंच नाही, नाव पटावर होतंच, लेकरू फक्त जायचं थांबलं. आणि थांबली कोण तर आधी मुली. धाकट्याला सांभाळायला घरी कोण, तर ती. वाटेत जंगल आहे, एकटी कशी पाठवू, हे तर आईचं बरोबरच आहे ना.

माझी अंगणवाडी शाळेच्या शेजारी होती. माझी लेकरं पाच वर्षाची झाली की मी बोट धरून वीस पावलं चालवत पहिलीच्या वर्गात नेऊन बसवायची. आई शेतात, बाप शेतात, पण लेकरू शाळेत गेलं कारण शाळा तिथंच होती. ती वीस पावलं गेली आणि सगळंच गेलं. आता मी लेकरू पाच वर्षाचं झालं की घरी सांगते दाखला काढा, नाव घाला, आणि पुढे काय होतं ते माझ्या हातात राहत नाही.

सई ताई तुमचं दुःख खरंय. पण तुम्ही पाचवीला मोठ्या गावात गेलात कारण तोपर्यंत तुम्हाला वाचता येत होतं आणि वय दहा होतं. आमच्या ज्या मुली पहिलीतच थांबल्या त्या इथे येऊन त्यांचं लिहूच शकत नाहीत.

कागदपत्र

कायद्याचं आणि कागदाचं थोडं सांगतो, मी शिक्षण खात्यात नाही पण गावपातळीवर बरीच वर्षं याच कामात आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. तुमचं अंतर साडेचार. कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत, म्हणजे दुसरा शिक्षक मागणं ही मेहेरबानी मागणं नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला, तुमच्या समितीची यादी आधी तपासा, ठराव करणारी समितीच नीट नसेल तर ठरावाला अर्थ काय.

हा प्रश्न तुमच्या एका वाडीचा नाही. २०१७ मधे दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत समायोजन करायचं ठरलं होतं. २०२२ मधे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली तेव्हा आकडा १४,७८३ शाळांचा निघाला, मुलं १ लाख ८५ हजारांवर. भागाकार करून बघा, सरासरी शाळेमागे बारा तेरा मुलं. म्हणजे तुमची शाळा काही विचित्र अपवाद नाही, राज्यात अशा हजारो आहेत आणि त्या कोकणात, सह्याद्रीत, सातपुड्यात, गडचिरोलीत आहेत, जिथे वस्ती विखुरलेली आहे. सप्टेंबर २०२३ मधे समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, त्यात तोरणमाळ आणि पानशेतचा दाखला दिला होता. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवण्याचा, निर्णय आला, त्यात कमी पटाच्या शाळांवरची शिक्षकांची पदं धोक्यात आली म्हणून शिक्षक रस्त्यावर उतरले. हे क्रमाने बघितलं की लक्षात येतं, बंद करतो असं कोणी थेट म्हणत नाही, शिक्षक कमी होतो, मग पालक आपणहून मूल काढतात, मग पट अजून घटतो आणि मग ठराव मागतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, आधी सर गेले.

पैसे वाचतात म्हणतात त्याचा पण हिशोब मांडा. इमारत उभी आहे, ती वाडीने बांधलीय. मॅडमना पगार कुठेही मिळणारच आहे. वाचतं काय तर खिचडीचं जळण नि थोडा सादिल म्हणजे किरकोळ खर्च, आणि त्याच्या बदल्यात गाडीचा खर्च दर महिन्याला, दर वर्षी. गाडी बंद पडली तर पैसे वाचले म्हणायचे की मूल गेलं म्हणायचं?

काय करायचं ते सांगतो. ठराव द्यायचाच असेल तर नकाराचा द्या, पण नुसता नकार नको. अंतर लिहा, पावसाळ्यातल्या वाटेचं, साकवाचा फोटो जोडा. किती दिवस वाट बंद असते ते मॅडमच्या हजेरीवरून काढा. दुसऱ्या शिक्षकाची मागणी त्याच ठरावात घाला. आणि फक्त समितीत नको, ग्रामसभेत विषय घ्या, प्रोसिडिंगला नोंद होऊद्या, पोच घ्या.

वरळीहून गावाकडे

जालिंदरनगर, खेड तालुका, पुणे जिल्हा, झेडपी शाळा. पट तीनवर आला होता, बंद व्हायच्याच बेतात. शिक्षक आणि गावकरी मागे लागले, पट शंभरावर गेला आणि २०२५ मधे जगभरातल्या शाळांमधून लोकांच्या मतांचा पुरस्कार मिळाला. डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ती परितेवाडीची शाळा पण माढा तालुक्यातली वाडीवरचीच. तीन वर आली म्हणून बंद केली असती तर?

सई बोरिवली

जालिंदरनगरचं माहितीये आणि छानच आहे ते, पण तिथे पट वाढला कारण बाहेरून मुलं आली, पुणे जवळ आहे. दापोलीच्या वाडीत मुलं आणणार कुठून, घरंच बंद आहेत. दरवेळी चमत्कार झालेली शाळा दाखवली की साध्या शाळेवर ओझं येतं, की तू पण असं करून दाखव नाहीतर बंद हो. ९ मुलांची शाळा ९ च राहिली तरी ती चालावी की नाही, प्रश्न हा आहे.

अंगणवाडी ताई, तुमचं वाचलं आणि थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही. मी गाडी खरंच मिळणार असेल तर असं लिहिलं होतं. त्या खरंच वर मी फार सोपेपणाने विश्वास ठेवला.

अ‍ॅबर्डीनहून

मी मूळची सावंतवाडीची, आता स्कॉटलंडमधे असते. इथे पण अगदी अशाच शाळा आहेत, बेटांवर, डोंगरात, कुठे सहा मुलं, कुठे अकरा, शेजारी मेंढ्या. इथल्या कौन्सिललासुद्धा त्या महाग वाटतात आणि बंद करायचे प्रस्ताव येतात. पण २०१० मधे इथे शाळांबद्दल विचारविनिमयाचा कायदा झाला आणि त्यात ग्रामीण शाळांसाठी वेगळी अट आहे. बंद करायच्या आधी कौन्सिलला तीन गोष्टींकडे खास लक्ष द्यावंच लागतं, एक म्हणजे बंद करण्याशिवाय दुसरा काही मार्ग आहे का, दुसरं त्या वस्तीवर काय परिणाम होईल आणि तिसरं मुलांच्या प्रवासाचं काय. पालकांकडून, गावाकडून मतं मागवायला निदान सहा आठवडे द्यावे लागतात आणि त्यात शाळेचे ३० दिवस यावे लागतात, म्हणजे सुट्टीत गुपचूप उरकता येत नाही. शिक्षण तपासणी करणारी संस्था वेगळा अहवाल देते. २०१४ मधे अजून एक भर घातली, प्रस्ताव एकदा फेटाळला गेला की त्याच शाळेबद्दल साधारणपणे पाच वर्षं परत बंदचा विषय काढता येत नाही. ही पाच वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण दरवर्षी टांगती तलवार असली की नवीन कुटुंब त्या गावात राहायलाच येत नाही आणि आहेत ते मूल काढून घेतात.

तरी इथे सगळं आलबेल आहे असं नाही, शाळा बंद होतात, काही नुसत्या कुलूप लावून ठेवतात. पण विचारायची रीत ठरलेली आहे. तुम्ही शनिवारपर्यंत ठरवणार म्हणताय, इथे सहा आठवडे. निदान तेवढा वेळ मागा.

निवृत्त गुरुजी

सईताईंच्या पहिल्या पोस्टचं मला उत्तर द्यायचं राहिलं होतं. पाच मुलांची टीम होत नाही हे खरंच आहे. आम्ही केंद्रातल्या चार वाड्यांच्या शाळा महिन्यातून दोन शनिवार एकत्र आणायचो, एकदा एका वाडीत, पुढच्या वेळी दुसऱ्या. खेळ, बालसभा, मोठ्याने बोलणं, नाटुकलं, सगळं तिथे. त्या दिवशी खिचडी पण एकत्र. मुलं चालून यायची पण ती सहल असायची, रोजची शिक्षा नाही. शिष्यवृत्तीचा सराव चौथीपासून त्याच दिवशी घ्यायचो. एकत्र आणायचं तर असं आणता येतं, पहिली ते चौथीची शाळा जागच्या जागी ठेवून. तुमच्या मॅडमना विचारा, शेजारच्या दोन तीन शाळा तयार होतील. आणि दादा, मॅडमना मीटिंगला जायचं असेल त्या दिवसाची नोंद एका वहीत ठेवा, तारीख आणि कारण. दुसरा शिक्षक मागताना ती वही कामाला येते.

पाखाडीवरून

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय झालं ते सांगतो.

अंगणवाडी ताईंनी विचारलं त्याचं उत्तर लिहायला मला लाज वाटत होती म्हणून दोन दिवस काही लिहिलं नाही. त्या दोन मुलांच्या आईबापाला मीटिंगचा निरोप दिलाच नव्हता. कोणी मुद्दाम नाही, पण कोणाच्या डोक्यातच आलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी आणि मॅडम कातकरवाडीवर गेलो. मुलांचा बाप दिवाळीनंतर भट्टीवर कामाला जातो, आई पण जाते, तेव्हा दोघं मुलं आजीकडे राहतात आणि आजीकडे राहतात ती शाळा आहे म्हणूनच, नाहीतर भट्टीवरच गेली असती असं आजीनेच सांगितलं. मी साडेचार किलोमीटरचं, गाडीचं सगळं सांगितलं. आजी म्हणाली गाडी खाली तुमच्या वाडीपर्यंत येणार ना, वर कशी येणार. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सरळ आमच्या वाडीपासून अंतर मोजत होतो.

शनिवारी सकाळी मी, बायको आणि अजून तीन पालक मुलांना घेऊन पायवाटेने केंद्रशाळेपर्यंत चाललो. सुकी वाट होती, पाऊस नाही, तरी पहिलीच्या दोघांना सव्वा तास लागला आणि साकवावर माझ्या मुलीने माझा हात सोडला नाही. जो पालक सगळ्यात जास्त संमती द्या म्हणत होता तोच परत येताना म्हणाला की हे रोज नाही होणार.

दुपारच्या मीटिंगला आजी आली. समितीने ठराव केला, संमती नाही, कारणं लिहिली, मोजलेलं अंतर कातकरवाडीपासूनचं घातलं, दुसऱ्या शिक्षकाची मागणी घातली. ग्रामसभेत विषय घ्यायचं सरपंचांनी मान्य केलंय. मॅडम शेजारच्या दोन शाळांशी शनिवारबद्दल बोलल्यात, पहिला शनिवार आमच्याकडे करायचा ठरतोय. वरून काय उत्तर येतं ते माहीत नाही, आलं की इथेच लिहीन.

कागदपत्र, एक विचारायचं होतं. आजी सही करत नाही, अंगठा देते. मुलांचे आईबाप जिवंत असताना पालक म्हणून आजीचा अंगठा ठरावावर चालतो का, की बाप भट्टीवर जायच्या आधी त्याची सही घेऊन ठेवू?